नुसते ओठ हलवा

माणसाचा आवाज गंजतो. लोखंड गंजतं, बिजागरी गंजते, हे मी जन्मभर बघितलं, कारण मी लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवली. आवाजाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. बायको गेली, नोकरी संपली, पोरगी तिच्या घरी सुखी, आणि एका सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायला तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर आली. दूधवाला म्हणाला, "काका, सर्दी झाली का?" सर्दी कसली डोंबलाची! आदल्या दिवशी मी एक शब्द बोललो नव्हतो. त्याच्या आदल्या दिवशीही नाही. कोणाशी बोलणार? भिंतींना कान असतात म्हणे. असतील. माझ्या भिंतींना तोंड नाही.

रविवारी पोरीचा फोन येतो.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"बरं मग, ठेवते."

पोरगी वाईट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असलं काही वाचलं की लोकांना पोरांच्या नावानं बोटं मोडायची घाई होते. तिला नोकरी आहे, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, इथं यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. आणि मी तरी काय बोलतो? क्रेनवाल्याला बोलायची सवयच नसते. तो वर काचेच्या केबिनमध्ये, माणसं खाली. खालचा माणूस हातानं सांगतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की सोड. मूठ आवळली की थांब. मूठ कोणीही दाखवो, साहेब दाखवो की झाडूवाला, थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. मी कधी विचारलं नाही, म्हणून माझ्या क्रेनखाली कोणी चिरडलं गेलं नाही.

वर केबिनमध्ये मी गायचो. जेवणाची सुट्टी झाली, मशीन बंद झाली, की यार्डात कावळासुद्धा ओरडायचा नाही. मग मी काच सरकवून एखादं गाणं पूर्ण म्हणायचो आणि मगच शिडीनं खाली उतरायचो. ऐकायला कोणी नाही, म्हणून लाजायचं कारण नाही. आणि ऐकायला कोणी नव्हतं म्हणूनच मला वाटायचं की आपण झकास गातो. खाली बायको डबा घेऊन उभी असायची. डबा रोज गार.

"घर दोन गल्ल्यांवर, आणि डबा गार कसा होतो गं?"

"वाटेत कोणी ना कोणी भेटतं," ती म्हणायची.

रोज कोण भेटायचं कोण जाणे. एकदा घरी भांडी घासता घासता तिनं विचारलं होतं, "तुम्ही कधी गाणं म्हणता का हो?" मी म्हणालो, "मी काय नाटकातला आहे?" विषय संपला. आमच्या घरात विषय लवकर संपायचे.

तर, आवाज गंजल्याचं लक्षात आलं त्याच आठवड्यात मी सांस्कृतिक केंद्राच्या दारावरची पाटी वाचली. हे केंद्र म्हणजे आमच्याच यार्डाचं जुनं गोदाम. यार्ड बंद पडलं तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की इथं संस्कृती ठेवू. छताचा मोठा गर्डर मीच क्रेननं वर नेऊन ठेवला होता. आता त्याला पिवळा रंग फासून त्यावर कागदी पाखरं टांगली आहेत. एका खोलीत मातीकाम, एका खोलीत चित्रं, मधल्या हॉलमध्ये गाणं. पाटीवर लिहिलं होतं: प्रत्येकाच्या गळ्यात गाणं आहे. समूहगानाची कार्यशाळा. आवाज कसाही असो, या.

कसाही असो. मी त्यावर विश्वास ठेवला. साठी ओलांडलेला माणूस, लोखंडात हयात गेलेली, आणि पाटीवर विश्वास ठेवतो! बुद्धी गहाण ठेवणं याला म्हणतात.

गाणं शिकवायला एक बाई होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. पातळशा, सतत घाईत, गळ्यात चष्मा अडकवलेला. आम्ही वीसेक जण होतो. पुढच्या रांगेत दोघी बहिणी, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे जोडगोळी म्हणायचे. दोघींचे आवाज खणखणीत आणि त्याची जाणीवही तेवढीच खणखणीत. मधे औषधांच्या दुकानातला कंपाउंडर, त्याचा आवाज साखरेच्या पाकासारखा. मागच्या रांगेत मी, आणि माझ्या शेजारी कुलूपवाला. चाव्या बनवणारा, पोट सुटलेला, हसताना खांदे हलवणारा माणूस.

गाणं बाईंनीच लिहिलं होतं. "दार उघडं ठेव, सांजेला कुणी येईल." पहिल्या दिवशी कुलूपवाला माझ्या कानात म्हणाला, "दार उघडं ठेव म्हणे. आमच्या पोटावर पाय!" मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते आठवेना. हसल्यावर खोकला आला, तो थांबेना, बाईंनी पाणी आणून दिलं.

पहिले काही आठवडे मी गायलो. छाती भरून गायलो. घरी जाताना पायऱ्यांवर गुणगुणत जायचो. कुकरच्या शिटीवर सूर लावायचो. दूधवाल्याला "अर्धा लिटर" असं मोकळ्या आवाजात म्हणायचो की तो दचकायचा. रविवारी फोनवर गोळ्या घेतल्या म्हणून झाल्यावर मी पोरीला म्हणालो, "अगं, मी गाणं शिकतोय. केंद्रात कार्यक्रम आहे आमचा."

मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो?"

"तुम्ही गाणार? स्टेजवर?"

"का? गाऊ नये?"

"तसं नाही हो. येते मी. नक्की येते. मला ऐकायचंय तुम्हाला." आणि ती हसली. तिची आई गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. का हसली ते काही मला कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

त्याच आठवड्यात बाईंनी मला बाजूला घेतलं. हॉलच्या मागे पाण्याचा फिल्टर आहे, तिथं. आधी माझी तारीफ केली. तारीफ आधी आली की समजावं, मागून लाथ येते आहे.

"काका, तुमच्यासारखं माझ्या हाताकडे कोणी बघत नाही. मी थांबवलं की तुम्ही थांबता. बाकीचे आपले वाहवत जातात."

"सवय आहे."

"हो ना. म्हणूनच तुम्ही मला हवेत. फक्त एक करायचं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही नुसते ओठ हलवा."

"म्हणजे?"

"म्हणजे शब्द म्हणायचे, पण आवाज काढायचा नाही. सूर जरा इकडेतिकडे जातो तुमचा. जरासाच. आत्तापासूनच सवय करा. आणि कोणाला सांगू नका हं, उगाच तुम्हालाच वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल म्हणून मीच कोणाला सांगायचं नाही! काय अक्कल आहे! बाहेर पाटी तशीच लटकत होती, प्रत्येकाच्या गळ्यात गाणं आहे. त्याखाली लिहायला हवं होतं, आणि ते गळ्यातच राहू द्या.

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही दिलं? दोन शिव्या हासडून घरी का नाही गेलो? सोपं आहे म्हणणं. घरी काय आहे? आणि पोरगी येणार होती. तिला काय सांगू, बापाला गाण्यातून काढलं? त्यापेक्षा मागच्या रांगेत उभं राहावं, तोंड हलवावं. एवढ्या जणांत तिला काय कळणार आहे? आणि नेमकं तेच मनाला खात होतं. तिला काहीच कळणार नव्हतं. ती दोन बस बदलून माझं तोंड बघायला येणार होती.

मी ओठ हलवायला शिकलो. तीसुद्धा एक कलाच आहे. नवशिका माणूस ओठ जास्त हलवतो, भुवया उडवतो. मुरलेला माणूस मधेच श्वास घेतो, मानेची शीर ताणतो. मी मुरलो. पण एक सांगतो, एकटं घरात बसणं परवडलं. तिथं निदान शांतता आपली असते. इथं दोन्ही बाजूंना माणसांचे खांदे लागताहेत, गाणं सगळीकडून अंगावर येतंय, आणि त्यात तुमचा एक थेंब नाही. लग्नाच्या पंगतीत बसून रिकाम्या ताटात हात फिरवावा तसं.

गाणं संपलं की कुलूपवाला माझ्या पाठीवर थाप मारायचा. "वा, क्रेनवाले! आज काय आवाज लागलाय तुमचा!"

मी ओशाळून म्हणायचो, "तुमचाही."

मला वाटायचं, किती साधा माणूस. शेजारी उभा राहून त्याला कळत नाही की मी मुका आहे. एकदा मनात आलं की त्याला तरी सांगावं. तोंडापर्यंत आलं, आणि मूग गिळून गप्प बसलो. हसेल, म्हणालो. खांदे हलवून हसेल.

आवाज दिवसेंदिवस गोड होत चालला आमच्या गाण्याचा. नितळ, बारीक. बाई खूश होत्या. "बघा, किती एकजीव झालात तुम्ही सगळे!" मीही मनाशी म्हणालो, आपण एकटेच खडा होतो डाळीतला, काढला आणि सगळं छान झालं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. पाहुण्यांसाठी पुढे सोफा, बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. मातीकामाच्या वर्गानं केलेली मडकी टेबलावर मांडलेली, त्यातली निम्मी वाकडी. पण त्यांना कोणी पडद्यामागे लपवलं नव्हतं. मडक्यांचं नशीब.

स्टेजमागे वेगळंच चाललं होतं. कंपाउंडरचा घसा बसला होता. दुसऱ्यांना गोळ्या वाटणारा माणूस, स्वतः गरम पाण्याचा पेला धरून केविलवाणा बसला होता, आवाज शून्य. पहिलं कडवं त्यानं एकट्यानं म्हणायचं होतं. बाई धावत जोडगोळीकडे गेल्या.

"ताई, पहिलं कडवं तुम्ही दोघी घ्या ना."

थोरली म्हणाली, "आम्ही? तेव्हा तर म्हणालात की त्या कडव्याला कोवळा आवाज हवा."

"अहो, आता वेळ काय..."

"आता वेळ आली तर आम्ही कोवळ्या झालो का?" धाकटी म्हणाली. "चल गं ताई."

आणि दोघी खरंच पायऱ्या उतरून प्रेक्षकांत जाऊन बसल्या. पुढून दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. रुसावं तर असं.

बाई क्षणभर भांबावल्या. मग आमच्याकडे वळल्या. "काही बिघडत नाही. तुम्ही एवढे जण आहात. सुरुवातीपासून सगळ्यांनी मिळून म्हणा. माझ्या हाताकडे बघा."

मी मनात म्हणालो, बरोबर आहे, एवढे जण आहेत. आपलं काम तोंड हलवायचं. ते आपण चोख करू.

पडदा सरकला. दिवे डोळ्यांवर आले. मी पोरीला शोधलं. ती भिंतीजवळ बसली होती, मांडीवर पर्स, मान उंच करून मागच्या रांगेत मला शोधत होती. सापडलो तशी तिनं हात वर केला, लहान मुलं करतात तसा.

की-बोर्डवाल्यानं सुरुवातीची धून वाजवली. बाईंनी बोट वर करून हलवलं. उचल.

आम्ही सगळ्यांनी तोंडं उघडली.

काही नाही.

की-बोर्ड एकटाच पुढे चालला होता. मी ओठ हलवत होतो, "दार उघडं ठेव," शीर ताणून, श्वास घेऊन. बाजूनं आवाज येण्याची वाट बघत होतो. येईना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुलूपवाल्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते, अगदी मुरलेल्या माणसासारखे. पुढच्या शिवणकामवाल्या काकूंची मान डोलत होती. कुलूपवाल्याच्या पलीकडे दवाखान्यातली आया, तिचे डोळे मिटलेले, भाव असा की आत्ता अश्रू येतील. आवाज कोणाचाच नाही. टाकीतले मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करतात, तसे आम्ही सगळे.

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "माइक! अहो, माइक चालू करा!"

माइकवाला धावत आला, माइकवर टिचकी मारली. टक्, टक्. हॉलभर घुमलं. माइक ठणठणीत होता. त्यानं आमच्या तोंडांकडे बघितलं, परत माइककडे बघितलं, आणि डोकं खाजवत उभा राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंनी एकेकाला त्या फिल्टरपाशी नेलं होतं. एकेकाला सांगितलं होतं, कोणाला सांगू नका. रोज थोडं थोडं तण काढावं तसं काढत गेल्या, आणि शेतात काय उरलं ते मोजायचं राहून गेलं. तीन जण गात होते. तिघंच. बाकी आम्ही सगळे महिनोन्‌महिने एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, प्रत्येक जण आपल्यापुरता मुका. आणि कुलूपवाला माझ्या आवाजाची तारीफ करायचा! तोही माझ्यासारखाच सांगायला लाजला होता.

बाईंनाही कळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चष्मा छातीवर हलत होता. त्यांनी हात पुढे केला आणि मूठ आवळली. थांबा. पडदा टाका.

मी मूठ बघितली. जन्मभर मी मुठीला थांबलो. पोरगी भिंतीजवळ पुढे झुकून बसली होती, कानावर केस आले होते ते तिनं मागे सारले, नीट ऐकू यावं म्हणून. काय ऐकणार होती ती?

मी गायला लागलो.

कसा गायलो ते विचारू नका. फाटका आवाज. सूर जरासा इकडेतिकडे नाही, पार गावाबाहेर. "दार उघडं ठेव, सांजेला कुणी येईल." गर्डरवरची कागदी पाखरं हलली असतील. सोफ्यावरच्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता कुलूपवाला येईल माझ्या मागं. मग काकू येतील. एकानं कोंडी फोडली की धरण फुटतं असं ऐकलंय. कसलं काय! एकानंही आवाज काढला नाही. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, पण ओठ मात्र एकाचेही थांबले नाहीत. माझ्या आवाजावर सगळ्यांनी तोंडं हलवली. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. मी एकटा ओरडत होतो आणि समोरून बघणाऱ्याला तो आवाज सगळ्या रांगांच्या तोंडांतून निघताना दिसत होता. शेवटच्या ओळीपर्यंत. मग पडदा पडला. टाळ्या झाल्या, लग्नात उशिरा आलेल्या माणसाला जागा देताना खुर्च्या सरकतात, तशा.

पडद्यामागे कोणी कोणाकडे बघेना. कुलूपवाला किल्ल्यांचा जुडगा काढून उगाच एकेक किल्ली बघत होता. बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं रागावतील, मी तयार होतो, माझ्याकडे बोलायला भरपूर होतं. त्या म्हणाल्या, "काका, मी मूठ दाखवली होती." इतक्या हळू म्हणाल्या की तयार ठेवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

"दिसली," मी म्हणालो, आणि बाहेर पडलो.

पोरगी दारात उभी होती. तिला परतीची बस गाठायची होती. आम्ही थांब्याकडे चालायला लागलो. तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "छान झालं."

"खोटं बोलू नकोस."

"नाही म्हणजे... एकाच माणसाचा आवाज येत होता ना? बिचारा किती जोरात गात होता. मी तुमचा आवाज शोधत होते, बाबा. मला सापडलाच नाही."

रस्त्यात खड्डा नव्हता, तरी माझा पाय अडखळला.

"तो बिचारा मीच होतो."

"काहीतरीच. सगळ्यांचीच तोंडं हलत होती."

"सगळे नुसते ओठ हलवत होते."

तिनं माझ्याकडे बघितलं. बाप थट्टा करतोय की काय असं. तिची काय चूक? तिला माझा आवाज म्हणजे जेवलो आणि घेतल्या, एवढाच ठाऊक. थांब्यावर पाचसात माणसं होती. एक पेपर वाचत होता, एक बाई भाजीची पिशवी पायाशी घेऊन उभी होती. मी तिथंच तोंड उघडलं. केंद्रातलं गाणं नाही. केबिनमधलं, जुनं, माझं आवडतं. पेपरवाल्यानं पेपर खाली केला.

पोरीनं आधी लोकांकडे बघितलं. "बाबा, अहो, लोक बघताहेत." मग माझ्याकडे बघितलं. आणि तिनं तोंडावर हात दाबला.

"हे गाणं! आई अगदी असंच म्हणायची. शब्दच्या शब्द, आणि त्याच ठिकाणी घसरायची, 'अंगणात' म्हणताना. तुम्ही कामावर गेलात की भांडी घासताना तुमची नक्कल करायची. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो."

"तिला कुठून माहीत?"

"डबा घेऊन यायची ना. खाली उभी राहून ऐकायची. म्हणायची, गाणं संपल्याशिवाय हाक मारायची नाही, कळलं की ऐकतंय कोणी तर गडी गायचा बंद होईल." ती हसत होती आणि पर्समधून रुमाल शोधत होती. "मला कधी नेलं नाही तिनं. म्हणायची, तू हसशील मोठ्यानं."

म्हणून डबा गार.

मला राग आला. कोणाचा ते विचारू नका, यायचा तेव्हा येतो. घरात माझं गाणं होतं, रोज होतं, आणि ते मी घराबाहेर पडल्यावर व्हायचं. एकदा तरी म्हणायचं होतंस गं. खालून एकदा हाक मारायची होतीस. बंद झालो असतो तर झालो असतो.

बस आली. पोरगी चढताना म्हणाली, "रविवारी फोन करते." मग पायरीवरच थांबली, मागच्या माणसानं ढकललं तरी थांबली. "म्हणून दाखवा पुढचं, फोनवर."

"चढ, चढ. बस सुटेल."

बस गेली. गाणं अर्धं राहिलं होतं. ते मी तिथंच उभं राहून पूर्ण केलं, "अंगणात"ला जिथं घसरतो तिथं घसरून. भाजीच्या पिशवीवाली बाई पिशवी उचलून दोन पावलं बाजूला सरकली. सरकेना का.